सोरोसोरो निघावं म्हणतो

जपानी पाहुणा उठायच्या आधी त्याचा एक शब्द उठतो. 'सोरोसोरो...' एवढंच तो म्हणतो आणि वाक्य तिथंच सोडून देतो. कर्ता नाही, क्रियापद नाही. कुठं जायचंय, कधी जायचंय, कशानं जायचंय, कशाचाच पत्ता नाही. यजमानांसमोर घड्याळ बघणं बरं दिसत नाही, म्हणून ते त्यानं पाहिलेलं नसतं. चहा केव्हाच संपलेला असतो आणि रिकामा कप बोटभर पुढं सरकलेला असतो. मग मांडीवरचे दोन्ही तळहात गुडघ्यांकडे जातात, आधीच ताठ असलेली पाठ आणखी ताठ होते, आणि अगदी आत्ता सुचल्यासारखं तो म्हणतो, "सोरोसोरो..."

यजमानीणबाई लगेच दचकतात. "अगंबाई, इतक्यात?" पाहुणा दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत बसलेला असला तरी हे 'इतक्यात' चुकत नाही. त्या दचकल्या की पाहुण्यानं मान लववायची, त्यांनी आणखी थोडं बसायचा बेताचा आग्रह करायचा, त्यानं तो बेतानंच मोडायचा, आणि मग दोघांनीही आतल्या आत सुटकेचा नि:श्वास टाकायचा. एवढं सगळं काम एकटा चार अक्षरी शब्द पार पाडतो.

शब्दकोशात 'सोरोसोरो'चे दोन अर्थ सापडतात. जुना अर्थ हळूहळू, सांभाळून, पायांचा आवाज न करता. आजारातून उठलेले आजोबा भिंतीला धरून न्हाणीघराकडे निघतात ते सोरोसोरो. दुसरा अर्थ, आणि हल्ली हाच जास्त चलनात आहे, एखाद्या गोष्टीची वेळ होत आलेली असणं. सोरोसोरो जेवू या. पावसाळा सोरोसोरो संपेल. सोरोसोरो निघतो. पहिल्या अर्थातून दुसरा कसा निघाला हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ बोलवायला नको. आजोबांच्या जागी वेळ घातली की झालं. व्याकरणाचे मास्तर मात्र एक बारकावा सांगून जातात: चालण्याच्या अर्थी या शब्दाला 'तो' हा प्रत्यय जोडला तर चालतो, निघण्याच्या अर्थी जोडत नाहीत. निघताना मागं काही लोंबत ठेवू नये, असा त्याचा मी माझ्यापुरता अर्थ लावला आहे.

आता 'लवकरच' म्हणायला जपानीत दुसरे शब्द नाहीत असं नाही. 'मोऽसुगु' म्हणजे लवकरच. 'मामोनाकु' म्हणजेही लवकरच, पण इस्त्री करून घडी घातलेलं. स्टेशनावर गाडी यायची असली की ध्वनिक्षेपकावरची बाई 'मामोनाकु' म्हणते. 'सोरोसोरो' ती कधीच म्हणायची नाही. कारण घटना किती मिनिटांवर आली आहे याच्याशी सोरोसोरोला काही देणंघेणं नाही. 'आता व्हायला हरकत नाही, नाही का?' असं तो शब्द समोरच्याला विचारत असतो. आणि जपानी गाडी प्रवाशांना विचारून येत नाही.

ती किती न विचारता येते याचा दाखला १४ नोव्हेंबर २०१७ रोजी सगळ्या जगानं वाचला. टोकियोजवळच्या मिनामी-नागारेयामा स्टेशनातून त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरची एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती २० सेकंद आधी सुटली. कंपनीनं रीतसर माफी मागितली. आपल्याकडे ही बातमी ज्यांनी वाचली त्यांतल्या निम्म्यांना ती विनोद वाटली आणि उरलेल्या निम्म्यांची लोकल तेवढ्यात रद्द झाली.

ज्या देशात २० सेकंदांची माफी मागितली जाते, त्याच देशात माणसं एकमेकांच्या घरून निघताना सोरोसोरो म्हणतात आणि 'म्हणजे नक्की किती वाजता?' असं कुणीही विचारत नाही. वरवर पाहता यात विसंगती आहे. मला उलट वाटतं. गाड्यांना सेकंद मोजून दिले म्हणूनच माणसांना हा शब्द जपून ठेवावा लागला. 'मला कंटाळा आलाय, मी जातो' किंवा 'तुम्ही फार वेळ बसलात, उठा' यांपैकी काहीही म्हटलं की कुणीतरी निर्णय घेतलेला दिसतो, आणि निर्णय दिसला की कुणाचं तरी मन दुखावतं. सोरोसोरोत निर्णय कुणाचाच नसतो. वेळ आपली आपण पिकते, आपण फक्त खाली उभे असतो.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांना तोटा नाही. यांतल्या पुष्कळांच्या पिशवीत 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक असतं. त्यात सांतोस नावाचं एक जोडपं यामादांच्या घरी सातव्या धड्यात येतं आणि आठव्या धड्यात निघतं. मधल्या काळात वर्गाचा आठवडा उलटलेला असतो, सातव्याची चाचणी होऊन गेलेली असते, दोघांना कमी गुण पडलेले असतात, पण सांतोस पतिपत्नी आपली बसलेलीच. आठव्या धड्यात त्यांना आणखी एक कप कॉफी हवी का असं विचारलं जातं, ते नको म्हणतात, सहा वाजल्याचं त्यांच्या ध्यानात येतं, आणि मग विद्यार्थ्यांच्या आयुष्यातलं पहिलंवहिलं सोरोसोरो येतं.

माझी एक भाची अशा वर्गाला जाते. तिचं म्हणणं, हा धडा आपल्या पोरांना जड जातो, आणि तो उच्चारांमुळे नव्हे. दोघादोघांनी संभाषण पाठ करून वर्गापुढं म्हणायचं असतं. पाहुणा झालेला मुलगा 'सोरोसोरो शित्सुरेई शिमासु' म्हणतो, यजमान झालेला 'पुन्हा या' म्हणतो, आणि दोघं जागेवर जाऊन बसतात. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास मराठीत विचारतं, "संपलं? जेवून जा म्हणायचं नाही?"

पोराची शंका रास्त आहे. मराठी पाहुणा एका 'निघतो'त कधी निघत नाही. पहिलं 'निघतो' सोफ्यावर बसून होतं, ते कुणी मनावर घेत नाही. दुसरं उभं राहून. तिसरं चपला घालताना, आणि मुलीचं स्थळ, जागेचा दावा, मावशीचं ऑपरेशन वगैरे ज्यासाठी माणूस मुळात आलेला असतो ते सगळं दाराच्या कडीला हात लावल्यावर निघतं. त्यानंतरचं 'निघतो' जिन्यात आणि सगळ्यात शेवटचं स्कूटर चालू ठेवून, एक पाय जमिनीवर टेकून, पाऊण लिटर पेट्रोलच्या साक्षीनं.

इथं जपानी भाषेची एक खोड सांगायला हवी. सोरोसोरोसारख्या शब्दांचं पहिलं व्यंजन जाड केलं, 'क'चा 'ग', 'स'चा 'झ' केला, की अर्थाचंही वजन वाढतं आणि बरेचदा तो जरा कळकटही होतो. किराकिरा म्हणजे चांदण्यांची लुकलुक. गिरागिरा म्हणजे डोळ्यांत खुपणारी झगझग. कोरोकोरो गोटी घरंगळते, गोरोगोरो धोंडा. रविवारी दिवसभर लोळत पडणारा नवराही गोरोगोरोच, कोरोकोरो नव्हे. बायकांनी याबाबत एकमतानं निवाडा दिलेला दिसतो. सारासारा म्हणजे सुळसुळीत, झाराझारा म्हणजे खरखरीत. मग सोरोसोरोचा हा जाडा भाऊ कोण? झोरोझोरो. एकामागून एक, घोळक्यानं, रांग लागल्यासारखी माणसं बाहेर पडतात ते झोरोझोरो. थोडक्यात, मराठी घरातून पाहुणा सोरोसोरो निघतो आणि त्याला पोचवायला सगळं घर झोरोझोरो फाटकापर्यंत येतं.

हे शब्द परक्यांना फार छळतात असं म्हणतात. २००७ साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेनं ओनो मासाहिरो यांच्या संपादनाखाली नुसत्या अशा शब्दांचा कोश काढला, त्यात ४५०० शब्द आहेत. आवाजाचे शब्द तर आहेतच, पण ज्यांना आवाज नाही अशांचेही आहेत. हसण्याचे निकोनिको, नियानिया, कुसुकुसु, गेरागेरा असे दर्जे आहेत. मांगा म्हणजे जपानी चित्रकथांत खोलीभर शांतता पसरली की चित्रकार भिंतीवर 'शीऽन' असं लिहितो; म्हणजे काहीच ऐकू येत नाही याचाही आवाज ठरवून ठेवलाय. युरोपातून आलेला विद्यार्थी इथं हात टेकतो. बिचारा पोटदुखी घेऊन डॉक्टरकडे गेला तर डॉक्टर विचारतो, किरीकिरी दुखतंय की शिकुशिकु? पहिल्यात पिळवटल्यासारखी कळ येते, दुसऱ्यात बारीक बारीक दुखत राहतं. ठणका असेल तर झुकीझुकी. रोगी म्हणतो, दुखतंय. डॉक्टर म्हणतो, ते कळलं हो.

मराठी माणसाला यात चकित व्हायला काही नाही. आपला डॉक्टरही तेच विचारतो: ठणकतंय, सलतंय, चरचरतंय, चमका मारतायत की नुसतं भणभणतंय? आपण मुळुमुळु रडतो, ढसाढसा रडतो, फिदीफिदी हसतो, पाणी गटागटा पितो आणि जेवण मटामटा जेवतो. जपानी माणूस अशा शब्दांना 'तो' जोडतो, आपण 'कन' जोडतो: झटकन, टुणकन, धपकन, खुदकन. हे आपलं एकट्याचंही नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ साली एका निबंधात दाखवून दिलं की असे अनुकरणवाचक शब्द भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांत सामायिक पसरलेले आहेत. शेजाऱ्यांची आपसांत कितीही भांडणं असली तरी आवाज एकमेकांच्या घरात जातातच.

फसगत होते ती वेगळ्या ठिकाणी. मराठीत 'स' आणि 'र' जवळ आले की वेग येतो. सरसर पाऊस येतो, पोरगं झाडावर सरसर चढतं, साप सुर्रकन जातो. त्यामुळे 'सोरोसोरो निघतो' असं ऐकलं की मराठी कानाला वाटतं, आता हा वाऱ्यासारखा गेलाच. पाहावं तर हा अजून उशीवर... म्हणजे जमिनीवरच्या त्या बसायच्या गिरदीवर, गुडघे मुडपून तस्साच.

या शब्दांचा मान जपानात जुना आहे. ७१२ साली लिहून झालेल्या 'कोजिकी' या ग्रंथात जपानची बेटं कशी झाली ते सांगितलंय. इझानागी आणि इझानामी हे देव-देवी आकाशातल्या पुलावर उभे राहून रत्नजडित भाल्यानं खालचा खारट समुद्र ढवळतात, तो 'कोओरो कोओरो' असा ढवळतात, आणि भाला उचलल्यावर टोकावरून ठिबकलेल्या मिठाचं पहिलं बेट होतं. म्हणजे जमीन व्हायच्या आधी तिचा आवाज झाला होता. आपल्या समुद्रमंथनात चौदा रत्नं निघाली, हलाहल निघालं, भांडणं निघाली. घुसळण्याचा आवाज कसा झाला ते लिहून ठेवायला कुणाला सवड झाली नाही.

सोरोसोरोचं घराणंही नाटकवाल्यांचं. क्योगेन या जुन्या प्रहसनात नोकर मालकाच्या कामाला निघाला की 'सोरोरी सोरोरी' म्हणत पाय घासत रंगमंचावर एक फेरी मारतो. फेरी संपली की दुसरं गाव आलं. (आपल्या वगातही असंच होतं, फक्त आपला शिपाई वाटेत मावशीशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं सरकत नाही.) याच 'सोरोरी'वरून आडनाव पडलेला एक गृहस्थ सोळाव्या शतकात होऊन गेला म्हणतात: सोरोरी शिनझाएमोन, साकाई शहरातला तलवारीच्या म्यानांचा कारागीर. त्यानं केलेल्या म्यानात तलवार सोरोरी म्हणजे अलगद, न अडखळता सरकायची, म्हणून हे नाव. पुढं तो तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या पदरी विदूषक-सल्लागार झाला. तो खरंच होता की नंतरच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी घडवला यावर वाद आहे, पण त्याच्या गोष्टी मात्र खऱ्याखुऱ्या जिवंत आहेत.

त्यांतली एक आपल्याला तोंडपाठ असलेली निघते. हिदेयोशी खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. सोरोरी म्हणाला, आज तांदळाचा एक दाणा द्या, उद्या दोन, परवा चार, असे रोज दुप्पट करत चला. हिदेयोशीला वाटलं, गडी स्वस्तात सुटला. तिसाव्या दिवशीचे एकट्याचे दाणे ५३ कोटींच्या वर जातात हे त्याच्या कोठीवाल्यानं सांगितल्यावर त्यानं हात जोडले. आपल्याकडे हीच गोष्ट बुद्धिबळाच्या पटावर मांडतात. ती तिकडं कशी गेली ते असो; गेली ती सोरोरीच्या गळ्यात पडली हे मात्र बेश झालं. अलगद, आवाज न करता वाढत जाणारी गोष्ट सांगायला याहून योग्य नावाचा माणूस सापडला नसता.

सोरोसोरो नेहमीच निरागस असतो असं समजू नये. तिशीच्या आसपासच्या मुलीला आत्याबाई गाठतात आणि 'सोरोसोरो...' म्हणून थांबतात. पुढचं मुलीला पाठ असतं. आपल्याकडे याला 'काय मग, यंदा कर्तव्य आहे ना?' असं म्हणतात. दोन्ही वाक्यांत लग्न हा शब्द नाही, हे लक्षात घ्यावं. लग्न झालं की दोन वर्षांनी तेच सोरोसोरो पाळण्याबद्दल येतं, मग दुसऱ्या पाळण्याबद्दल, आणि साठी आली की निवृत्तीबद्दल. जपानी कचेऱ्यांत लग्नावरून असं टोचण्याला आता 'मारिहारा' असं नाव पडलंय. मॅरेज आणि हॅरॅसमेंट या दोन शब्दांची मुंडकी छाटून तो शब्द केला आहे. नाव पडल्यामुळे साहेब जरा दबकून असतात. आत्याबाईंना कुठलाच नियम लागू नाही.

कचेरीतलं संध्याकाळचं सोरोसोरो मात्र बघण्यासारखं. काम संपलेलं असतं, पण साहेब बसलेले असतात, म्हणून सगळेच बसलेले असतात. सोबत म्हणून उशिरापर्यंत थांबायच्या या प्रकाराला 'त्सुकिआइ झांग्योऽ' असं रीतसर नाव आहे. कुणीतरी एक जण टेबलावरचे कागद उभे आपटून सारखे करतो. ते आधीच सारखे असतात. पेन टोपणात जातं, परत बाहेर येतं. मग तो कुणालाही उद्देशून नव्हे, समोरच्या पडद्याला सांगितल्यासारखं पुटपुटतो, "सोरोसोरो निघावं का बरं..." वाक्य पडद्याला, पण कान साहेबांच्या खुर्चीकडे. खुर्ची करकरली तर ठीक. न करकरली तर तो तेच कागद पुन्हा आपटतो. मला विचाराल तर त्या देशातली सगळ्यात अवघड परीक्षा ही आहे, आणि तिची तयारी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

ओसाकात हे सगळं थोडं सैल होतं. तिथं सोरोसोरोच्या जागी बरेचदा 'बोचीबोची' म्हणतात, आणि त्या एकाच शब्दात 'निघू या आता' आणि 'धंदा बरा चाललाय' ही दोन्ही कामं उरकतात. व्यापाऱ्यांचं गाव. शब्दसुद्धा दुहेरी वापराचा.

मेजवानीचा शेवट करायला सोरोसोरो एकटा पुरत नाही, त्याला मदतनीस लागतात. कुणीतरी जबाबदार गृहस्थ उभे राहतात आणि म्हणतात, मैफल ऐन रंगात आहे खरी, तरीपण... हे 'एन मो ताकेनावा' म्हणून ठरलेलं वाक्य आहे. निम्मी मंडळी पेंगत असली आणि एक जण बुटांच्या कपाटाला मिठी मारून झोपला असला तरी मैफल ऐन रंगातच असते. मग जी होते तिला समाप्ती म्हणत नाहीत, 'नाकाजिमे', मधली समाप्ती म्हणतात. सगळे मिळून एक टाळी वाजवतात, ज्यांना जायचंय ते जातात, उरलेले दुसऱ्या दुकानात दुसरी मेजवानी करतात. आमच्या समारंभांत हे काम आभारप्रदर्शन करतं असा समज आहे. प्रत्यक्षात ते मांडववाल्याची माणसं करतात. वक्ते 'शेवटचे दोन शब्द' म्हणाले की ती माणसं मागच्या रांगेपासून खुर्च्या मिटायला सुरुवात करतात, आणि त्या खुर्च्यांचा खाडखाड आवाज पुढं पुढं सरकत येतो तसतसे शेवटचे दोन शब्द खरोखरच दोनावर येतात.

लग्नाच्या मेजवानीत तर 'संपलं' म्हणायची सोयच नाही. संपणं, तुटणं, फुटणं, वेगळं होणं, यांतला कुठलाही शब्द त्या दिवशी तोंडातून काढायचा नाही. म्हणून मेजवानी संपत नाही, तिची 'ओहिराकी' होते. ओहिराकी म्हणजे उघडणं! साकेच्या पिंपाचं झाकण नवरानवरी लाकडी हातोडीनं फोडतात, पण त्यालाही फोडणं म्हणत नाहीत, उघडणंच म्हणतात. हे ऐकून जगातल्या इतर पाहुण्यांचे चेहरे प्रश्नार्थक होतात. मराठी पाहुणा मात्र समजून मान डोलावतो. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली की ती वाढवली. दिवा विझवायचा नाही, मालवायचाही नाही, मोठा करायचा. आणि घरातून जाणारा माणूस 'जातो' म्हणाला तर आई दारातून परत बोलावून 'येतो म्हण' म्हणून सांगते. जपानी मूल शाळेला निघताना म्हणतं, 'इत्ते किमासु', जाऊन येतो. त्याच्या आईला परत बोलवावं लागत नाही, एवढाच फरक.

दुकानातल्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? तिथं सोरोसोरो वाजवतात. बंद व्हायची वेळ झाली की जपानी दुकानांत, वाचनालयांत एक हुरहुर लावणारी चाल सुरू होते आणि माणसं निमूट दाराकडे सरकतात. पुष्कळांना वाटतं, ती शाळेच्या निरोप समारंभात म्हणतात ती 'होतारु नो हिकारी', म्हणजे मूळची 'ऑल्ड लँग साइन'. चाल तीच, पण बहुतेक ठिकाणी वाजतो तो तीन मात्रांच्या ठेक्यातला 'वाकारे नो वाल्त्झ', निरोपाचा वॉल्ट्झ. 'वॉटर्लू ब्रिज' हा हॉलिवुडचा चित्रपट १९४९ साली जपानात लागला, त्यातल्या नाचाच्या प्रसंगावरून ही ध्वनिमुद्रिका निघाली. वाजवणारे कोण? तर युजिन कॉस्मन आणि त्यांचा वाद्यवृंद. नाव वाचून गिऱ्हाईक म्हणालं, साहेबाची असणार. ते होते कोसेकी युजी, ज्यांनी पुढं १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचं संचलनसंगीत केलं. कोसेकी युजी, युजिन कॉस्मन. भरभर म्हणून बघा. सबंध देशाला रोज रात्री घरी पाठवणारा माणूस टोपणनावामागं लपला होता, आणि सभ्यपणा यालाच म्हणतात असं मला वाटतं. आपल्याकडे पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. दगड, पाणी, पूल, सगळं जपानी वळणाचं. बंद व्हायच्या वेळची शिट्टी मराठी.

आता राहिला तो पाहुणा ज्याला सोरोसोरो ठाऊकच नाही. त्याच्यासाठी जुन्या जपानी घरात एक तोडगा होता. शेजारच्या खोलीत केरसुणी उलटी उभी करायची आणि तिच्या डोक्यावर हात पुसायचा पंचा टाकायचा. पाहुणा आपोआप उठतो. कसा उठतो हे पाहुण्याला कळत नाही, केरसुणीला कळतं. हा तोडगा आपल्याकडे चालणार नाही. आपली केरसुणी लक्ष्मी, ती नुसती उभी ठेवली तरी सासूबाई ओरडतात, उलटी केली तर पाहुण्याआधी सुनेलाच निघावं लागायचं.

आणि क्योतोकरांना तर केरसुणीचीही गरज नाही. तिथली ख्याती अशी की पाहुणा फार वेळ टेकला तर बाई गोड आवाजात विचारतात, "बुबुझुके घेता का थोडं?" बुबुझुके म्हणजे भातावर चहा ओतून खातात ते, एरवीचं चाझुके. याचं उत्तर 'हो' नसतं. याचं उत्तर चपला असतं. क्योतोची माणसं म्हणतात, असं आमच्याकडे कुणी बोलत नाही, उगाच आम्हाला नावं ठेवतात. ते खरंही असेल. पण ओसाका-क्योतोकडच्या राकुगो कथाकारांनी, म्हणजे गादीवर बसून नुसत्या पंख्याच्या आणि रुमालाच्या जोरावर सबंध कथा उभी करणाऱ्यांनी, 'क्योऽ नो चाझुके' नावाची गोष्ट रचून ठेवली ती ठेवलीच.

ओसाकाचा एक इरसाल गृहस्थ हट्टाला पेटतो: क्योतोची ही बाई दर वेळी मी निघालो की चाझुके देऊ करते, एकदा खाऊनच दाखवतो. तिचा नवरा घरी नसताना तो जाऊन बसतो. बसतो, बसतो, बसूनच राहतो. बाई पक्की; चाझुकेचं नाव काढत नाही. शेवटी तो हार मानून दारापर्यंत जातो, आणि तिथं मात्र सवयीनं तिची जीभ घसरते, "घरात काही नाही हो, पण थोडं चाझुके तरी..." गृहस्थ उलट्या पावली आत येऊन बसतो. बाई लाकडी भांड्याच्या तळाला चिकटलेली शितं खरवडून कसाबसा एक वाडगा भरते. हा तो फस्त करतो. आणखी हवा असतो, पण मागणार कसा? बाई तर मुद्दाम पाठ करून बसलेली. मग तो रिकामा वाडगा तिच्या नाकासमोर धरतो, आतलं नीट दिसेल असा तिरका करतो आणि म्हणतो, "वाडगा काय सुंदर आहे हो! कुठं मिळाला?"

बाई भाताचं रिकामं भांडं उचलते, तितकंच तिरकं करते आणि म्हणते, "या भांड्याबरोबरच घेतला. इथंच, कोपऱ्यावरच्या दुकानात."